ढिला झालेला फ्रॉक

आत्या दुकानात शिरली तेव्हा तिला सगळ्यात आधी दिसली ती जिन्यापाशी ठेवलेली निळी बॅग. मुलीची बॅग. भरलेली होती, पण चेन पुरती ओढलेली नव्हती. अजून काही आत कोंबायचं असावं, किंवा कदाचित भरलेलं पुन्हा बाहेर काढायला सोपं जावं म्हणून तशीच सोडली असावी.

"म्हणजे तयारी झाली," आत्या म्हणाली.

"भरून ठेवलीय," मुलीची आई म्हणाली. 'तयारी' हा शब्द तिने उचलला नाही.

शनिवारी दुकान दुपारपर्यंतच असायचं, आणि त्या दिवशी सगळं घर खाली कटिंगच्या टेबलावरच जेवायचं. वरच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जिन्यात उभं राहावं लागे. टेबलावरचे कापडाचे गठ्ठे फळीवर गेले, खडूच्या खुणांवर जुनी चादर पडली, की झालं जेवणाचं टेबल. मोठ्या कात्रीवरून दोघा भावांचं वाजलं होतं ते याच टेबलाशी आणि मिटलं होतं तेही इथेच. त्यामुळे या टेबलाशी बसलं की घरातल्या माणसांना आपोआप काहीतरी ठरवायचं आहे असं वाटायचं.

आज ठरवायचं काही नव्हतं. ते मागच्या खेपेलाच ठरलं होतं. आत्या दुसऱ्या गावच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती, एकटीच राहायची, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या मुली तिला रस्त्यात ओळख द्यायच्या ते पाठ ताठ करूनच. मुलीने वर्षभर तिच्याकडे राहायचं, तिच्याच शाळेत जायचं, तिच्या नजरेखाली खायचं, पळायचं आणि बारीक व्हायचं. काका लगेच 'झकास' म्हणाला होता. मुलीचे बाबा काही बोलले नव्हते. मास्तर, म्हणजे आजोबा, 'बघू' म्हणाले होते आणि सगळ्यांनी तो होकार धरला होता. मास्तरांना त्यांची स्वतःची मुलंही मास्तरच म्हणत. आई तेव्हा मान हलवून बसली होती आणि त्यानंतर रोज त्या मान हलवण्याचा तिला पस्तावा होत होता.

"ताई, डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं तिला," आई म्हणाली. ताटं मांडता मांडता म्हणाली, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागू नये. "वजन जरा जास्त आहे म्हणाल्या. बाकी सगळं चांगलं आहे. म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांनीच चाला, सगळ्यांनी एकच जेवा, पोरीला वेगळं ताट वाढू नका."

"त्यांचं काय जातं गोड बोलायला? त्यांना रोज बघावं लागत नाही." आत्याने हातातली पिशवी खाली ठेवली, गळ्यातली शिट्टी टेबलाच्या कडेला. "मी वाईटपणा घेतेय तो मला हौस आहे म्हणून नाही गं. बाहेर लोक काय बोलतात माहितेय ना तुला?"

"माहितेय. घरातही बोलतात."

काका गल्ल्यापाशी हिशेब मिटवत होता. त्याने मान वर केली. "हे मला होतं का, वहिनी?"

"तुम्हाला लागलं असेल तर तुम्हाला."

"अहो, गब्दुल म्हणतो ते प्रेमाने म्हणतो. लहानपणापासून म्हणतोय. तिलाही आवडतं."

आईने शेवटचं ताट जरा जोरात ठेवलं.

बाबा पलीकडे इस्त्रीचं टेबल आवरत होते. आवरण्यासारखं तिथे काही राहिलं नव्हतं, पण ते आवरत होते. आई दोन दिवस त्यांच्या मागे लागली होती की तुम्ही ताईंशी बोला, तुमची सख्खी बहीण आहे. 'बोलतो' म्हणाले होते. आता ते एक रुमाल चौथ्यांदा घडी करत होते. यांच्यावर विसंबून उपयोग नाही, हे आईला रुमालावरून कळलं.

भिंतीला खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला जाड खाकी कागदाच्या अरुंद पट्ट्या लोंबत होत्या. या दुकानात माप आकड्यात घेत नसत. गिऱ्हाइकाच्या अंगाला पट्टी लावायची आणि जिथे छाती संपते, कंबर संपते, तिथे कात्रीने बारीकशी खाच मारायची. आकडा उच्चारायचाच नाही, तर शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याने ऐकायचा कुठून? ही मास्तरांच्या वडिलांची पद्धत. बाकी सगळ्या शिंप्यांनी टेप गळ्यात घातले तरी मास्तरांनी ही सोडली नाही. आणि या पद्धतीचा एकच नियम होता: दोन माणसांच्या पट्ट्या कधी शेजारी धरायच्या नाहीत. कापडाला त्याची गरज नसते, मास्तर म्हणत, आणि माणसाला तर नसतेच.

घरातल्यांच्या पट्ट्या शेवटच्या खिळ्याला होत्या. मुलीची पट्टी जुनी झाली होती, मागच्या वर्षीची. नवी घ्यायला हवी, हे घरातले तिघं शिवणारे रोज ती पट्टी बघून मनात म्हणत आणि कोणी घेत नसे. पट्टी घ्यायची म्हणजे पोरीला मापाच्या लाकडी ठोकळ्यावर उभं करायचं, आणि ठोकळ्यावर उभं केलं की अंग वाढलंय हे तिला कळणार. आत्याच्या येण्याची तारीख ठरल्यापासून तर कोणाचीच हिंमत नव्हती.

*

शाळेपासून घर लांब नव्हतं, पण मुलगी आज लांबच्या रस्त्याने आली. खांद्यावरून घसरणारा फ्रॉक तिने पिन लावून आवरला होता. ती पिन मधूनच टोचायची.

औषधाच्या दुकानातली बाई नेहमीसारखी काउंटरवर कोपरं टेकून रस्ता बघत होती. गेल्याच महिन्यात तिने भर गिऱ्हाइकांत आईला हाक मारून सांगितलं होतं, "अहो, पोरीला आवरा जरा! आत्ताच अशी, तर पुढे काय?" तेव्हा मुलगी आईच्या मागे उभी होती, आणि आईमागे आपण मावत नाही हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं होतं.

"अगंबाई!" बाई आज म्हणाली. "केवढी उतरलीस! छान दिसतेस हो. काय केलंस?"

"काही नाही."

"सांगायचं नसेल तर राहू दे. पण चेहऱ्यावर तेज आलंय बघ."

पुढे चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी दोन बोटं वर करून शाबासकी दिली. शाळेतही सकाळी बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं होतं, "तू आजारी होतीस का?" आणि खेळाच्या तासाला जिला सगळ्यात शेवटी गटात घेत तिला आज तिसरीच घेतलं होतं.

मुलगी तीच होती. तिने काल रात्री पोटभर खाल्लं होतं, आज डबा संपवला होता. फक्त फ्रॉक बदलला होता, आणि तोही तोच होता. कोणीतरी त्याची शिवण उसवून नवी घातली होती. पुस्तक वाचायला लागायच्या आधीपासून ती टाके वाचत आली होती. नवा दोरा जुन्या दोऱ्याहून जरा चमकतो, हे तिला न दिसायला काय झालं? पण ज्याने कोणी गुपचूप केलं त्याला वाईट वाटू नये म्हणून ती बोलली नव्हती. आईच असणार, असं तिने धरलं होतं. हिने जरा जास्तच उसवलं, असंही मनात आलं होतं.

दुकानाच्या कोपऱ्यावर ती थांबली. आतून आत्याचा आवाज येत होता. तिने पिनेवर हात फिरवला, काढली आणि खिशात टाकली. फ्रॉक घसरला, लोंबला. लोकांना बारीक दिसायला एवढं पुरत असेल, तर आत्यालाही पुरेल. बारीक मुलीला कोण कशाला घेऊन जाईल?

तिने पोट आत ओढलं आणि दार लोटलं.

*

"थांब," आत्या म्हणाली. "तिथेच उभी राहा. वळ जरा. अरे, ही तर उतरली!"

काकाने गल्ला बंद केला. "खरंच की. गब्दुलचं पाखरू झालं!"

"चार किलो तरी," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात शिक्षिकेचा आनंद होता, गृहपाठ बरोबर आलेली वही बघावी तसा. "मी इतकी वर्षं मुली बघतेय, माझी नजर चुकत नाही. फ्रॉक बघा केवढा लोंबतोय! मागच्या खेपेला बटणाशी फट पडत होती. काय गं, तू बोलली का नाहीस मला?" हे शेवटचं आईला होतं.

आईचा हात पाण्याच्या तांब्यावर होता, तो तिथेच राहिला.

"मग आता न्यायची गरजच नाही," आत्या म्हणाली. "घरीच जमतंय तर कशाला?"

काय झालं ते सांगणं अवघड आहे. सगळं दुकान एकदम श्वास सोडल्यासारखं सैल झालं. बाबांनी रुमाल खाली ठेवला. काका "चला, बसा, बसा" म्हणत खुर्च्या ओढू लागला. मास्तर कोपऱ्यातल्या आपल्या जागेवरून उठले आणि येताना वाटेत मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. मुलगी आईशेजारी बसली. पोट अजून आत ओढलेलं होतं.

पण जेवायला सुरुवात झाली आणि ती सुटका आईला घास घेऊ देईना. तिला माहीत होतं. मंगळवारी दुपारी सगळे वर पडले असताना तिनेच फ्रॉकची डावी शिवण उसवून सगळी माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, सोडली होती. दोन्ही बाजू उसवल्या तर नजरेत येईल म्हणून एकच. चार किलो काय, पोरगी तोळाभर उतरली नव्हती. गप्प बसलं तर पोरगी घरी राहते. बोललं तर ती निळी बॅग संध्याकाळच्या बसने जाते. इतका सोपा हिशेब, आणि तरी ती पावाचा तुकडा नुसताच मोडत राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तेही ताटात बघत होते. मास्तर भाजीतला एकेक वाटाणा वेगळा करत होते, त्यांना वाटाणे आवडत असूनही.

"हे असंच चालू ठेवायचं," आत्या सांगत होती. "आता ढिलाई नको. संध्याकाळचा पाव बंद. दर रविवारी वजन. आणि ताटात हे एवढं कशाला? अर्धं काढ गं त्यातलं, जमतंय तुला."

मुलीने ताटाकडे पाहिलं. मग आपला पाव मोडून अर्धा बाजूला ठेवला.

आत्या तिच्याकडे बघत होती. हळूहळू तिचं बोलणं थांबलं.

"पण इतक्या पटकन?" ती म्हणाली. "महिन्याभरात? काही होतंय का तुला? पोटात दुखतं? रात्री उठतेस का पाणी प्यायला?" तिने खुर्ची मागे सारली. "हे बरं नाही. एवढ्या झटपट उतरणं बरं नाही. आमच्याकडे एका मुलीचं असंच झालं होतं, सगळे कौतुक करत बसले आणि ती निघाली आजारी. ऊठ. रक्त तपासून घेऊ. आत्ता. तो दवाखाना उघडा असतो ना दुपारी?"

"जेवू तर दे तिला," काका म्हणाला.

"जेवण कुठे पळतंय? ऊठ बाळा."

मुलगी उठली नाही. तिने टेबलाखाली आईचा पदर धरला.

"ताई, बसा," आई म्हणाली. "ती आजारी नाही. बारीकही झालेली नाही. फ्रॉक मी उसवला. डावी शिवण. तिला घट्ट होत होता, आणि तिला कळू नये म्हणून मी सांगितलं नाही कोणाला. बोला मला काय बोलायचं ते."

आत्या उभीच होती. पण बोलले ते बाबा.

"तू उसवलास?"

"हो."

"डावी?"

"हो म्हटलं ना."

"अगं, मग मी..." बाबांनी कपाळाला हात लावला. "बुधवारी सकाळी हातात घेतला तर डावी बाजू सैल दिसली. मला वाटलं, कापतानाच माझ्याकडून त्या बाजूला जास्त राहिलं असेल. एक बाजू सैल, एक घट्ट, बरं दिसत नव्हतं. म्हणून मी उजवी उसवून बरोबरीला आणली."

"तुम्ही?"

"तिला कळू नये म्हणून बोललो नाही."

काका एकदा वहिनीकडे, एकदा भावाकडे बघत होता. त्याच्या गालांत हसू जमायला लागलं होतं, पण आत्याचा चेहरा बघून त्याने ते धरून ठेवलं. तेवढ्यात मास्तर खाकरले.

मास्तरांचं खाकरणं घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळे तिकडे वळले. मास्तरांनी शेवटचा वाटाणा बाजूला केला.

"परवा पोरगी समोरून गेली," ते म्हणाले. "पाठीवर चुण्या पडलेल्या दिसल्या. मला वाटलं, पाठ आवळतेय. कापड ताणलं की चुण्या पडतात तशा."

"मास्तर," बाबा हळूच म्हणाले, "सैल झालं तरी पडतात."

"ते आत्ता कळतंय मला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पाठीची शिवण मी सोडली. पुरती सोडली."

काकाला पुढे धरवेना. तो हसत सुटला, टेबलावर डोकं टेकून, पोट हलवत. "तीन शिंपी! एक फ्रॉक! अरे, आणखी चार दिवस गेले असते तर पोरीला तंबूत झोपवलं असतं तुम्ही!"

आधी आई हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाबा हसले, बायकोकडे बघून, लग्नाच्या पहिल्या वर्षांत हसायचे तसे. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी बाजूला काढलेले वाटाणे खायला घेतले. आणि मुलीने एवढा वेळ आत ओढून धरलेलं पोट सोडून दिलं.

*

आत्या हसली नाही. तिला राग आला होता, पण तो नक्की कुणावर ते तिला ठरवता येईना. 'माझी नजर चुकत नाही' हे वाक्य अजून टेबलावर पडलेलं होतं, सगळ्यांच्या ताटांच्या मधोमध.

"हसा," ती म्हणाली. "पण प्रश्न तिथेच राहिला ना? पोरगी जाड आहे ती आहेच."

हसणं थांबलं. हा शब्द घरात आजवर कोणी असा उच्चारला नव्हता. त्याच्या अवतीभवतीचे सगळे शब्द वापरून झाले होते. अंगाने भरलेली, खात्यापित्या घरची, गब्दुल.

"आहे," मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मला माहितेय आत्या. रोज अंघोळ मीच करते ना. फ्रॉक उसवलाय तेही माहीत होतं मला. पण तिघांनी, ते माहीत नव्हतं." ती आईच्या पदराशी चाळा करत होती, पण आवाज हलला नाही. "जिना चढताना धाप लागते मला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाल. मी चालीन. पण इथे चालीन. तुझ्याकडे मला नाही यायचं."

"मी काय राक्षसीण आहे?"

"नाही. तू चांगली आहेस. पण तुझ्याकडे गेले की मी सगळा वेळ बारीकच व्हायचं ना? दुसरं काही करायचंच नाही ना?"

आत्या बसली.

तिला आठवलं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि नवंही नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं की लहानपणी तीही अशीच होती आणि तिला मावशीकडे ठेवलं होतं. मावशी प्रेमळ होती. ताट वेगळं होतं. मावशीकडून परत आली तेव्हा याच दुकानात, याच दारात सगळ्यांनी तिला वळून उभं केलं होतं आणि 'उतरली, उतरली' म्हटलं होतं. ते ऐकण्यासाठी तिने वर्ष काढलं होतं. ऐकलं, आणि त्याच क्षणी तिला भीती वाटली होती की आता हे कधीही काढून घेतील. ती भीती पुढे इतकी सवयीची झाली की तिला ती शिस्तच वाटायला लागली.

मघाशी 'चार किलो' म्हटल्यावर मुलीच्या चेहऱ्यावर काय आलं होतं, ते तिने पाहिलं होतं. आनंद नव्हता. शिक्षा टळल्यावर असतो तसा चेहरा होता. तिने तो ओळखायला हवा होता. तिने तो कितीतरी वर्षं आरशात पाहिला होता.

"रस्त्यात काय म्हणाले लोक?" तिने विचारलं. "आज, येताना?"

"औषधवाल्या बाई म्हणाल्या, चेहऱ्यावर तेज आलंय."

"फ्रॉक सैल झाला म्हणून तेज?" काका म्हणाला.

"आणि चष्मेवाल्या काकांनी असं केलं." मुलीने दोन बोटं वर करून दाखवली.

"त्याला म्हणावं, दुकानातला नंबरचा तक्ता आधी स्वतः वाच," मास्तर म्हणाले. ते असं क्वचित बोलत, म्हणून सगळे पुन्हा हसले. यावेळी आत्याच्या ओठांचा कोपराही हलला, पण तिने तो पाण्याच्या पेल्यामागे लपवला.

"मीही तेच केलं," ती म्हणाली. "आणि मी तर यात शिकलेली."

"तू एकटीनेच का?" मास्तर म्हणाले. "आम्ही तिघांनी काय केलं? माप घेतल्याशिवाय हात लावला. नजरेने. माझ्या वडिलांनी हे बघितलं असतं तर मला दुकानाबाहेर उभं केलं असतं." मग थोडं थांबून, लेकीकडे न बघता ते म्हणाले, "पोरगी इथे राहिली तर मला बरं वाटेल. मागच्या वेळी मी 'बघू' म्हणालो होतो. बघून झालं."

बाबांनी लगेच री ओढली. "मलाही. ताई, मी तुला सांगणारच होतो."

"रुमालाला सांगत होतात," आई म्हणाली.

"मग चालायचं कोणी तिच्याबरोबर?" आत्याने विचारलं. आवाज अजून कडक होता, पण त्यातली धार गेली होती. भांडण हरल्यावर निदान अटी तरी आपल्या असाव्यात, एवढंच आता उरलं होतं. "नुसतं 'राहू दे, राहू दे' करून चालणार नाही. डॉक्टर सगळ्यांनी म्हणाल्या ना? सगळ्यांनी म्हणजे कोणी?"

सगळ्यांची नजर काकाच्या पोटाकडे गेली.

"अरे!" काकाने दोन्ही हात पोटावर ठेवले. "हा विषय माझा नव्हता."

"काका, तुमच्या पोटाला आम्ही काही नाव ठेवलंय का?" मुलगी म्हणाली.

ती अगदी साधेपणाने म्हणाली. काका हसायला गेला आणि मधेच थांबला. त्याने पोटावरचे हात काढले, कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून पुन्हा तिथेच ठेवले.

"नाही ठेवलं," तो म्हणाला. "सकाळी लवकर उठवू नकोस म्हणजे झालं. संध्याकाळी चालू, दुकान मिटल्यावर. बरं का गब... बरं का गं."

आईने मुलीने बाजूला ठेवलेला अर्धा पाव उचलून तिच्या ताटात परत ठेवला. आत्याने ते पाहिलं आणि आपल्या ताटातली भाजी संपवायला घेतली.

*

जेवणानंतर मास्तरांनी मुलीला ठोकळ्यावर उभं केलं. कागदाची नवी पट्टी घेतली, खांद्याला लावली, खाच मारली. छातीला लावली, खाच मारली. त्यांचा हात थरथरत असे, पण कात्री धरली की थांबे. मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभी होती. सगळे आपापल्या कामात असल्याचं दाखवत होते. पण शेवटची खाच मारून मास्तर बाजूला झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की कोणी काहीच म्हणालं नव्हतं. आकडा नाही, हूं नाही, अरेरे नाही. ज्याची तिला वर्षभर धास्ती होती ते असं कात्रीच्या चार बारीक आवाजांत होऊन गेलं होतं. गिऱ्हाइकांना हे रोज मिळत होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसेल.

पट्टी तिने स्वतः शेवटच्या खिळ्याला अडकवली. तिथे आत्याचीही पट्टी होती. मुलीचा हात त्या पट्टीपाशी जरा रेंगाळला.

"अं हं," मास्तर म्हणाले.

"नुसतं बघत होते."

फ्रॉक तिघांनी मिळून दुरुस्त केला. आईने डावी बाजू धरली, बाबांनी उजवी, मास्तरांनी पाठ. पट्टी मधे ठेवून, एकमेकांना विचारून, पुन्हा पुन्हा विचारून. एवढं बोलणं त्या दुकानात कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. काका चहा करून घेऊन आला आणि प्रत्येकाला म्हणाला, "नीट कर हां, दुसऱ्याला सांगून कर."

निळी बॅग वर कोणी नेली ते कोणाला कळलं नाही. आत्या निघाली तेव्हा जिन्यापाशी ती नव्हती.

बसथांबा रस्त्याच्या टोकाला होता. आत्या तिथे पोहोचून पिशवी चाचपते तोच तिला मागून पावलांचा आवाज आला. मुलगी पळत येत होती. हातात आत्याची शिट्टी होती, दोरीसकट, ती टेबलावर चादरीखाली राहिली होती. औषधाच्या दुकानातली बाई काउंटरवरून वाकून बघत होती. दुपारी तेज आलेली मुलगी संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखी कशी दिसते, याचा तिला उलगडा होत नसावा.

मुलगी पोहोचली आणि थांबली. तिला बोलता येईना. छाती वरखाली होत होती, गाल लाल झाले होते, कपाळावर घाम होता. तिने शिट्टी पुढे केली.

आत्याच्या तोंडात एक वाक्य आलं. ते इतक्या वर्षांच्या सवयीने आलं, शिट्टीसारखं, न बोलावता. तिने ते गिळलं. मुलीचा श्वास जागेवर येईपर्यंत ती थांबली आणि बस येते का ते बघत राहिली, जणू धाप सगळ्यांनाच लागते, ज्याने त्याने आपापला दम खावा.

मग तिने मुलीकडे पाहिलं. खांद्यावर, पाठीवर, दोन्ही बाजूंना. कुठे चुणी नव्हती, कुठे ओढ नव्हती.

"छान बसलाय फ्रॉक," ती म्हणाली.

"माप घेतलं ना," मुलगी म्हणाली.